दहापैकी सहा

आमच्याकडे चार माणसं एका जागी कामाला लागली की आठ दिवसांत गजाली, म्हणजे गप्पा-किस्से, जमायला लागतात. आमच्या गोल्फच्या मैदानावर तर हरवलेले बॉल कमी आणि गजाली जास्त, अशी परिस्थिती. बॉल शोधायला जावं आणि किस्सा घेऊन परत यावं!

मी हे सगळं गेटवरच्या केबिनमध्ये बसून सांगतोय. मध्येच गाडी आली तर उठून सलाम मारून येईन, तेवढं सांभाळून घ्या. आणि शेवटी काय झालं ते विचारू नका. मी कुठे बसलोय ते बघा, म्हणजे कळेल.

मैदान म्हणजे तरी काय? मालवण आणि धामापूरच्या मधल्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, एक रिसॉर्ट झालं. खाली काळा कातळ, वर बोटभर माती, त्यावर ट्रकने आणून अंथरलेलं गवत. अठरा खड्ड्यांचं मोठं मैदान होणार होतं. पाणी पुरेना, तेव्हा बॉल लांब मारायचा सराव करायची एक पट्टी तेवढी राहिली. साहेब लोक तिला रेंज म्हणतात, गावात 'बॉलाचो माळ' म्हणतात.

माणसं थोडकी. मॅनेजर साहेब पुण्याचे. सलीम मालवण बंदरावरचा, आधी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, आता गोल्फच्या काठ्यांच्या कपाटाची चावी त्याच्याकडे. धुरीकाका माळी. आणि मी विलास, सहा वर्षं गेटवर. गावात ईलास म्हणतात.

\* \* \*

साहेबांनी मला गावच्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत बघितलं. मी मारलेला सिक्स मैदानाबाहेरच्या माडात अडकला, तो अजून तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी साहेबांनी गेटवरून बोलावून घेतलं.

"विलास, तुझ्या मनगटात गोल्फ आहे!"

मी मनगट बघितलं. तिथे देवाचा काळा दोरा होता.

साहेबांनी हातात ड्रायव्हर दिला. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब दांड्याची काठी, खाली नारळाएवढं डोकं, बॉल लांबात लांब जावा म्हणून. मी सवयीने मिडल स्टंपचा गार्ड मागितला. स्टंपच नाहीत म्हटल्यावर देवाचं नाव घेतलं आणि जीव खाऊन फिरवली. धप्पकन् आवाज झाला. बॉल ठेवायच्या छोट्या खुंटीवर बॉल होता तसाच. त्याच्या मागचं वीतभर गवत मात्र मुळासकट उडून साहेबांच्या बुटावर!

धुरीकाका लांबून शांतपणे म्हणाले, "ईलास, गवात कापूक मी आसंय मां रे हंय!"

\* \* \*

तरी साहेबांनी नाद सोडला नाही. म्हणाले, "आपल्याला इथे कोच लागणार आहे. पाहुण्यांना शिकवायला. पुण्याहून माणूस आणायच्या आधी मी तुला संधी देतो. एप्रिलमध्ये परीक्षा. दोनशे यार्डांवर दोन लाल झेंडे लावतो. ड्रायव्हरने दहा बॉल मारायचे, त्यातले सहा झेंड्यांच्या मधून पलीकडे गेले पाहिजेत. गेले तर तू कोच. नाही गेले तर..."

पुढचं त्यांनी हातानेच दाखवलं. हात गेटच्या दिशेला होता.

खरं सांगू? मला ती नोकरी हवी होती. गेटवरच्या माणसाला नाव नसतं. सहा वर्षं 'वॉचमन, गेट!' ऐकतोय. एकदा एक आजीबाई पाहुण्या आल्या होत्या. रेंजवर कोणी नव्हतं. मी त्यांना काठी धरायची कशी ते दहा मिनिटं दाखवलं. त्यांचा बॉल वीस पावलं गेला. इतक्या खूश झाल्या! जाताना म्हणाल्या, "थँक्यू हं, विलास सर."

सर! घरी जाऊन मी बायकोला, सुमनला, सांगितलं. जरा वेळाने परत सांगितलं. जेवताना ताटावर तिसऱ्यांदा सुरू केलं, तेव्हा तिने आमटीचा डाव खाली ठेवला.

"आता चौथ्यांदा सांगशात तर मी पण सर म्हणान! पयले जेवा."

\* \* \*

आता प्रश्न असा, की ड्रायव्हर सुधारायचा तर सराव कुठल्या काठीने करायचा? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? मी पण तेच म्हणत होतो. साहेबांचंही मत तेच. "पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावं लागतं. ड्रायव्हर सुधारायचा तर ड्रायव्हरच मार!"

मारला. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोज दोन बादल्या बॉल. बॉल समोर निघायचा, अर्ध्या वाटेवर गेला की मनात काय यायचं कोण जाणे, उजवीकडे वळून थेट शेजारच्या आबांच्या काजूच्या बागेत! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी डावीकडे तोंड करून उभा राहिलो, तरी बॉल लांबचा वळसा घेऊन बागेतच. मी हात टेकले.

एक दिवस आबा डोक्यावर घमेलं घेऊन गेटवर आले. घमेलं भरून पांढरे बॉल. साहेब नेमके तिथेच उभे होते. मला वाटलं, आता भांडण होणार.

आबांनी घमेलं साहेबांच्या पायाशी ठेवलं आणि अगदी गरिबीने विचारलं, "सायबानु, औंदा काजीक मोहोर नाय. पण ह्यां पीक बरां इला हा. ह्येका फवारणी खंयची करू?"

\* \* \*

कोल्हापूरच्या एक डॉक्टर मॅडम दर महिन्याला फोंडाघाट उतरून खेळायला यायच्या. हाडांच्या डॉक्टर. त्यांचा बॉल दोरीत ओवल्यासारखा सरळ जायचा. त्यांनी माझे चार बॉल बघितले आणि कपाळाला हात लावला.

"हे काय चाललंय? ड्रायव्हर बंद! ही सगळ्यात अवघड काठी, तीच रोज मारून तू चूक पक्की करतोयस. तीन आठवडे फक्त सात नंबर."

सात नंबर म्हणजे लोखंडी, आखूड काठी. बॉल निम्माच जातो, पण हात कुठे चुकतो ते कळतं. मॅडमनी समजावलं ते मला पटलं. सलीमला तर इतकं पटलं, की त्याने ड्रायव्हर कपाटात घालून कुलूप लावलं आणि चावी बंडीच्या आतल्या खिशात टाकली.

चार दिवसांनी माझा धीर सुटला. म्हटलं, "सलीम, एकच बॉल. कोण बघूचो नाय."

"डॉक्टरान पथ्य दिला हा तुका," सलीम म्हणाला. "एक दिवस खाल्लंस काय सगळां औषध पाण्यात."

"अरे, पथ्य माका की दांड्याक?"

"दोघांका!"

तीन आठवडे सात नंबर मारला. काय सांगू! सरळ, उंच, टप्प् करून गवतावर. धुरीकाका काम टाकून बघायला उभे राहायचे. साहेब पाठीवर थाप मारून गेले. मी मनातल्या मनात कोचची टोपीसुद्धा घालून बघितली. एकविसाव्या दिवशी सलीमने अगरबत्ती लावून कपाट उघडलं. मी ड्रायव्हर घेतला, श्वास घेतला, अगदी सात नंबरसारखाच फिरवला.

बॉल समोर निघाला. अर्ध्या वाटेवर गेला. आणि वळला.

बागेतून आबांचा आवाज आला, "इलंस काय रे ईलासा? तीन आठवडे कसां सुनां सुनां लागी होतां!"

\* \* \*

मग मोबाइल. मोबाइलवर एक माणूस सांगतो, जड काठीने सराव कर. दुसरा सांगतो, हलक्या काठीने कर. तिसरा सांगतो, काठी उलटी धर आणि हवेत सुंई आवाज काढ. चौथा म्हणतो, एका पायावर उभा राहा. मी सगळ्यांचं ऐकलं. माझी गत अशी झाली, की काठी उचलली की आधी चार परक्या माणसांचे आवाज, मग माझे हात.

सलीमला त्यातलं जड काठीचं पटलं. इंजिनवाला माणूस! "वजन गरगरलां काय ताकद आपसूक येता. घरी काकाचा जुना वल्हा आसा. ताच फिरव. पंधरा दिवसात ड्रायव्हर तुका काडयेसारको वाटतलो."

सकाळी मालवणच्या किनाऱ्यावर गेलो. सलीमने वल्हं हातात दिलं आणि तो चहाला गेला. मी वाळूत पाय रोवून वल्हं फिरवायला लागलो. एक, दोन, तीन... दहाव्याला घाम आला. वळून बघतो तर मागे रांग! पिशव्या, टोप्या, कडेवर पोरं. पंधरा-वीस पर्यटक.

पुढचे गृहस्थ म्हणाले, "किल्ल्यावरची होडी कधी सुटणार?"

"मी होडीवाला नाही हो."

"मग वल्हं कशाला फिरवताय?"

"गोल्फची प्रॅक्टिस करतोय."

गृहस्थांनी समुद्राकडे बघितलं, वल्ह्याकडे बघितलं, मग बायकोकडे वळून हळूच म्हणाले, "चल, आपण पुढच्या होडीने जाऊ. हा इथे जमिनीवरच एवढा दमलाय."

\* \* \*

सासरेबुवांचं एक राहिलंच. ते धामापूरचे. सुमनने माहेरी परीक्षेचं सांगितलं, त्यातली परीक्षा त्यांनी गाळली आणि कोच तेवढा ठेवला. एक दिवस दोन पाहुण्यांना रिक्षात घालून घेऊन आले, जावई दाखवायला. वाटभर म्हणे, "आमचो जावय मोठमोठ्या सायबांका शिकयता."

रिक्षा गेटवर आली. मी युनिफॉर्ममध्ये होतो. सवयीने उठलो आणि खाड्कन् सलाम मारला. मग आत कोण आहे ते दिसलं.

सासरेबुवा क्षणभरही डगमगले नाहीत. पाहुण्यांना म्हणाले, "बगलास? शिस्त कशी असता ती आदी आपण करून दाखवक् व्हयी!"

मी हसलो. ते गेल्यावर केबिनचं दार लावून घेतलं आणि कितीतरी वेळ बसून राहिलो. चेष्टा सगळ्यांची होते, आपलीही होते, पण त्या दिवशी फार लागलं.

\* \* \*

परीक्षा. सोमवारी सकाळी नऊ वाजता. साहेब खुर्ची टाकून वही घेऊन बसले. सलीमने बॉल पुसून पुसून दिले. पहिला बागेत. दुसरा मधून! तिसरा मधून! चौथा बागेत. पाचवा मधून. सहावा बागेत, सातवा बागेत. आठवा मधून, नववा मधून. पाच झाले. एक हवा होता, बॉलही एकच उरला होता.

मी मारला. हातालाच कळलं, हा बरोबर बसलाय. बॉल उजवीकडे वळला नाही, डावीकडे वळला नाही. सरळ गेला, सरळ गेला आणि ठण्ण! उजव्या झेंड्याच्या लोखंडी दांड्यावर आदळून अलीकडेच पडला.

सलीम ओरडला, "गेलो! धरा सायबानु, सहा धरा!"

साहेबांनी चष्मा काढला. त्यांनाही वाईट वाटलं होतं, खोटं का बोलू? "विलास, नियमाप्रमाणे पाचच. पण मी तुला पुढच्या सोमवारी परत बसवतो. शेवटचं. त्याच्या दुसऱ्याच दिवशी पुण्याचा माणूस येतोय."

सहा महिने बॉल मारले त्यातले किती बागेत गेले आणि किती मधून, ते आठवत नाही. तो ठण्ण मात्र अजून कानात आहे.

\* \* \*

राहिले सात दिवस. सराव कुठल्या काठीने करायचा? साहेब म्हणाले, ड्रायव्हर. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, सात नंबर, ड्रायव्हरला हात लावलास तर बघ. सलीम म्हणाला, वल्हा. मोबाइलवाला म्हणाला, आधी सबस्क्राइबचं बटण दाबा. मी शुक्रवारपर्यंत रोज काठी बदलली आणि रोज आदल्या दिवसापेक्षा वाईट मारलं. शनिवारी मी काठीच उचलली नाही. नुसता गवतावर बसून राहिलो.

धुरीकाका शेजारी येऊन टेकले. "झिला, माणसांका इचारून तुझा डोक्या फिरला. आता देवाक इचार."

आमच्याकडे घर बांधायचं असो, सोयरीक असो, आजारपण असो, देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे फुलांचे कळे पाण्याने चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवा कळा पडला तर होय, डावा पडला तर नाही. गोल्फसाठी आजवर कोणी लावला नव्हता, एवढंच.

रविवारी सकाळी देवळात गेलो. मी, सुमन, धुरीकाका. सलीम बॅग खांद्यावर घेऊन आला आणि बाहेरच्या पायरीवर बसला. बॅगेत चौदा काठ्या. मानकरी तात्या खांबाला टेकून बसले होते. कौल लावायला आलेली एक म्हातारीही होती, तिची म्हैस दोन दिवस घरी आली नव्हती. तिने आम्हाला पुढे जाऊ दिलं, दोन मिनिटांचं काम असेल म्हणून.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्यां तुझां लेकरू ईलास, बॉलाच्या माळार चाकरीक आसा. उद्या तेची परीक्षा आसा. तर तेणां आज खंयच्या दांड्यान सराव करूचो, तां उजवो कौल देवन सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

पायरीवरून सलीमने ड्रायव्हर उंच करून दाखवला. कळे लावले. पाच मिनिटं गेली. डावा पडला.

"डॉक्टरबाई बरोबर होती," सलीम कुजबुजला आणि त्याने सात नंबर उचलला. डावा पडला. सहा नंबर, डावा. आठ नंबर, डावा. नऊ, डावा. लाकडी म्हणतात ती तीन नंबरची, डावा. ऊन पायरीवरून देवळात आलं. म्हातारी आधी उसासे टाकत होती, आता तोंडाने बोलायला लागली. "माज्या म्हशीचां इचारूचां रवलां, आणि ह्येंचे दांडे काय संपनत नाय!"

चौदावी काठी. डावा.

सलीमने बॅग उलटी करून झटकली. आतून दोन खुंट्या पडल्या. मी कळ्यांकडे बघतच नव्हतो, सुमनकडे बघत होतो. तिने डोळे मिटून हात जोडले होते आणि ओठ हलत होते.

तेव्हा मानकरी तात्या खांबाचा टेका सोडून सरळ बसले. "दांड्यांचो इचार झालो," ते म्हणाले. "आता माणसाचो इचारा."

गुरवाने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्याने पाषाण पुसला, दोन ताजे कळे लावले. "देवा म्हाराजा, दांडो खंयचोय असांदे. ह्येच्या हातान तां काम होतलां काय नाय, तां तू सांग."

आम्ही बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. कळे हलेनात. गुरवाने परत गाऱ्हाणं घातलं. कळे जागच्या जागी. जेवणवेळ टळली. सुमन घरी जाऊन पेज करून घेऊन आली. म्हातारीचा नातू धावत आला, म्हैस आपल्या पायाने घरी आली म्हणून सांगायला. म्हातारी देवाला नमस्कार करून गेली, जाताना मला म्हणाली, "बस रे, बस." दिवेलागण झाली. कळे तसेच. गुरवाने गाभाऱ्याला कडी घातली आणि आम्ही घरी गेलो.

सोमवारी परीक्षा नऊ वाजता. मी सात वाजता देवळात पोचलो. गाभारा उघडा होता. पाषाणावर उजवीकडे एक कळा, डावीकडे एक कळा, थोडे सुकलेले, पण चिकटलेले. समोर गुरव पाण्याने भरलेली घागर पायाशी ठेवून कंबरेवर हात देऊन उभा होता.

"देवाची आंघोळ खोळंबली हा तुझ्यापायी," तो म्हणाला. "पाणी कसां घालू, कौल अर्ध्यार आसा."

"मग मी काय करू?" मी विचारलं. "साहेब वाट बघतले."

गुरवाने कळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाला, "तू जा. मार तुझे धा बॉल. देव अजून इचार करता हा."